दुभंगलेला ओठ आणि ग्रहणाचा आळ

दुभंगलेल्या ओठाचे मूल जन्मले की घरात पहिला प्रश्न डॉक्टरला विचारला जात नाही, बाळंतिणीला विचारला जातो. "ग्रहणात काय चिरलं होतंस?" भाजी चिरली, सुपारी कातरली, कापड फाडले, काहीतरी निघतेच. नऊ महिन्यांत विळी हातात धरली नाही अशी बाई कोणत्या घरात सापडेल? मग आळ पक्का होतो आणि तिच्या जन्माला चिकटतो. हा समज जंगलातल्या खेड्यांपुरता आहे असे कोणी मानू नये. चंद्रपूर-नागपूरच्या शिकल्यासवरल्या घरांतल्या, पदवीधर सासवांच्या तोंडूनही मी तो ऐकला आहे. एका बाईने तर मी काही विचारण्याआधीच हात जोडून सांगितले, "डॉक्टरसाहेब, मी त्या दिवशी विळीला हातही लावला नव्हता हो." मूल दोन दिवसांचे होते, त्याला दूध ओढता येत नव्हते, आणि आई मात्र आपली साक्ष देत बसली होती.

हा आळ खोटा आहे आणि क्रूर आहे, एवढे म्हणून मी थांबलो असतो. पण त्याचा आणखी एक तोटा आहे. आपले सारे लक्ष तो भलत्या दिवसाकडे नेतो आणि जे दिवस खरोखर महत्त्वाचे असतात ते हातचे निघून जातात. आजचा लेख त्या दिवसांविषयी आहे.

आधी ग्रहणाचा हिशेब पाहू. २४ ऑक्टोबर १९९५ आणि २२ जुलै २००९ ही सूर्यग्रहणे देशभर गाजली. ग्रहणाने ओठ फाटत असता तर त्यानंतरच्या सात-आठ महिन्यांत प्रत्येक जिल्ह्यात अशा मुलांची रांग लागली असती आणि ग्रहण नसलेल्या काळात एकही असे मूल जन्मले नसते. तसे होत नाही. जगभर साधारण सातशे ते हजार जन्मांमागे एक मूल दुभंगलेल्या ओठाचे किंवा टाळूचे जन्मते, ग्रहण असो वा नसो. दुसरे असे की, ग्रहणात गर्भारणीला अंधाऱ्या खोलीत बसवतात ते पोट दिसू लागल्यावर, म्हणजे पाचव्या, सातव्या, आठव्या महिन्यात. ओठ तर गर्भधारणेनंतर सातव्या आठवड्यापर्यंत घडून झालेला असतो. आठव्या महिन्यात विळीला हात न लावून काय उपयोग?

खरी गोम शब्दातच आहे. आपण म्हणतो 'फाटलेला ओठ'. फाटायला आधी वस्तू अखंड असावी लागते. हा ओठ कधी अखंड नव्हताच. तो फाटलेला नाही, जुळायचा राहिलेला आहे.

वाचकांनी आपले बोट नाकाच्या खाली, वरच्या ओठावर ठेवून पाहावे. मधोमध एक पन्हळ लागेल आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक उंचवटे. आपला चेहरा गर्भात पाच तुकड्यांतून घडतो. एक कपाळाकडून खाली उतरतो, दोन गालांकडून पुढे येतात आणि दोन खालच्या जबड्याचे. वरच्या ओठात मधला तुकडा आणि गालांकडचे तुकडे जिथे भेटतात ते सांधे याच उंचवट्यांच्या बाजूला असतात. म्हणून ओठ सहसा बरोबर मधोमध दुभंगत नाही, एका बाजूला दुभंगतो. डाव्या बाजूला जास्त. सुरीने कापला असता तर तो नेमका सांध्यावरच कसा कापला गेला असता?

हे तुकडे पुढे येतात म्हणजे नक्की काय होते? इथे पेशींच्या चालण्याची गोष्ट येते. गर्भ तीन-चार आठवड्यांचा असताना त्याच्या पाठीवर, जिथे पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणार असतात, त्या घडीच्या काठाशी काही पेशी असतात. स्विस शास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी १८६८ मध्ये कोंबडीच्या भ्रूणात त्या पहिल्यांदा पाहिल्या. या पेशी काठावर राहत नाहीत. शेजारणींचा हात सोडतात आणि चालू लागतात. काही कपाळाकडे, काही गालाकडे, काही जबड्याकडे जातात. चेहऱ्याची बरीचशी हाडे त्यांच्यापासूनच घडतात. काही हृदयाकडे जातात आणि तिथून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांची वाटणी करायला मदत करतात. काही कातडीत जाऊन रंग देतात. काही आतड्याच्या वरच्या टोकाशी शिरतात आणि थेट गुदद्वारापर्यंत चालत जाऊन आतड्याचे मज्जातंतू होतात.

पेशी चालते ही गोष्ट कोणाला अद्भुत वाटेल. पण ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांना तिचा पुरावा पाहायला लांब जायला नको. खुडूक बसलेल्या कोंबडीखालचे एखादे अंडे तिसऱ्या-चौथ्या दिवशी फुटले, तर पिवळ्या बलकावर रक्ताचे जाळे आणि मध्ये धडधडणारा एक ठिपका दिसतो. तीन दिवसांपूर्वी तिथे नुसता पांढरट डाग होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत कोंबडीच्या भ्रूणावर आणि पाण्यातल्या हायड्रा नावाच्या चिमुकल्या जीवावर अशाच घडणीचा अभ्यास झाला आहे. हा विषय विलायतेतल्या पुस्तकांपुरता नाही.

पेशींना आपली माणसे ओळखता येतात का, हे शोधण्यासाठी १९०७ मध्ये एच. व्ही. विल्सन या अमेरिकन प्राध्यापकांनी समुद्रातला जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला. पेशी सुट्या झाल्या. आणि मग त्या हळूहळू एकमेकींकडे सरकल्या, चिकटल्या आणि पुन्हा स्पंज झाला. १९५५ मध्ये टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी बेडकाच्या जातीच्या प्राण्यांच्या भ्रूणांतल्या निरनिराळ्या पेशी सुट्या करून मिसळल्या. कातडीच्या पेशी बाहेर गेल्या, मज्जेच्या आत गेल्या. जत्रेत हरवलेली पोरे आपापल्या घरच्यांना शोधतात तसे.

ही ओळख कशाने पटते ते जपानमध्ये मासातोशी ताकेइची यांनी दाखवले. पेशींच्या अंगावर काही प्रथिने असतात. त्यांना कॅडहेरिन म्हणतात. एका पेशीचे कॅडहेरिन दुसरीच्या तशाच कॅडहेरिनला धरते, आणि ही पकड राहण्यासाठी कॅल्शियम लागते. (यावरून कोणी कॅल्शियमच्या गोळ्यांचा डबा आणायला धावू नये, पेशीला लागते तेवढे रक्तात असतेच.) कातडीच्या पेशींचे कॅडहेरिन एक, मज्जेच्या पेशींचे दुसरे. पेशीने आपले कॅडहेरिन बदलले की ती जुन्या घोळक्यातून निसटते आणि नव्यात सामील होते.

भामरागडकडच्या वाचकांनी रेला पाहिलेला आहे. एकमेकींना धरून सारी रांग एका ठेक्यावर पुढे सरकते. हात फार घट्ट धरला तर पाय उचलत नाहीत; हात सुटला तर रांग तुटते. आणि ढोल नसेल तर कोणी कुठे पाऊल टाकायचे तेच कळत नाही. गर्भातल्या पेशींनाही पकड, पाऊल आणि ढोल असे तिन्ही लागते. त्यांचा ढोल म्हणजे रासायनिक संकेत. एक पेशी एक पदार्थ सोडते, तो दुसरीच्या अंगावरच्या खुंटीला येऊन लागतो, आणि त्या खुंटीपासून पेशीच्या आत एकामागून एक निरोप जात जाऊन शेवटी कोणते जनुक चालू करायचे, कोणते बंद, कोणती पकड सोडायची, कुठे पाय रोवायचा हे ठरते. काही संकेत 'इकडे ये' म्हणतात, काही 'इकडे येऊ नकोस' म्हणून वाट अडवतात. पेशींमधल्या जागेत फायब्रोनेक्टिन नावाच्या प्रथिनाची पायवाट पसरलेली असते आणि तिच्यावर पेशी इंटेग्रिन नावाच्या पायांनी चालतात.

टाळूचे उदाहरण घ्या. तिच्या दोन फळ्या सुरुवातीला जिभेच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबत असतात. मग जीभ खाली बसते, फळ्या वर उचलल्या जातात आणि मधोमध भेटतात. पण नुसते भेटून चालत नाही. दोन्हींच्या काठावरच्या पेशींनी एकमेकींना धरावे लागते आणि नंतर वाटेतून नाहीसे व्हावे लागते, तेव्हा कुठे आतले मांस एकजीव होते. १९९५ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसून आले की, यातला एकच संकेत काढून टाकला तर फळ्या भेटतात पण जुळत नाहीत आणि पिल्लू दुभंगलेल्या टाळूचे जन्मते. त्या उंदरिणीने ग्रहणात काही चिरले नव्हते.

वेळेचे महत्त्व किती, याचे एक उदाहरण अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातले आहे. तिथल्या मेंढपाळांना १९५० च्या दशकात एक विचित्र संकट भेडसावत होते. मधोमध एकच डोळा असलेली कोकरे जन्मत होती. शोध घेता घेता कळले की डोंगरावरची एक रानवनस्पती गाभण मेंढ्या खातात, आणि ती गर्भाच्या चौदाव्या दिवशी खाल्ली गेली तर हा प्रकार होतो. पुढे कितीतरी वर्षांनी उलगडा झाला, की त्या वनस्पतीतला पदार्थ गर्भातला एक महत्त्वाचा संकेत बंद पाडतो. आपल्याकडे जडीबुटीचे ज्ञान मोठे आहे आणि मी त्याची थट्टा करणाऱ्यांपैकी नाही. पण गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत कोणताही पाला, कोणतीही मुळी, आणि दुकानातून विचारून आणलेली गोळीसुद्धा, शक्यतो पोटात जाऊ नये, हे या एका डोळ्याच्या कोकरांवरून कळते.

ओठाहून गंभीर गोष्ट पाठीच्या कण्याची. गर्भाच्या पाठीवरची सपाट पट्टी लांब आणि अरुंद होत जाते, तिचे दोन्ही काठ वर उचलले जातात आणि मध्ये मिटून एक नळी तयार होते. तीच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू. गर्दीतली माणसे अरुंद गल्लीत शिरताना एकमेकांच्या मधून वाट काढतात आणि घोळका लांबट होतो, तसेच या पेशी मध्यरेषेकडे सरकून एकमेकींच्या मध्ये शिरतात. हे सरकणे किंवा शेवटची जुळणी चुकली की नळी उघडी राहते. खाली उघडी राहिली तर मूल पाठीवर पाण्याची पिशवी घेऊन जन्मते, पायांत जोर नसतो, लघवीवर ताबा नसतो, पुष्कळदा डोक्यात पाणी होते. वर उघडी राहिली तर मेंदू आणि कवटीच पूर्ण होत नाही आणि असे मूल जगत नाही.

आता वेळ पाहा. ही नळी गर्भधारणेपासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. त्या दिवशी बाईची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ जणींना तोवर दिवस गेल्याची शंकाही नसते. कोणी म्हणते हवा बदलली, कोणी म्हणते तेंदूच्या हंगामात उन्हात राबल्याने पुढेमागे झाले असेल.

आणि हे बऱ्याच प्रमाणात टाळता येते. १९९१ मध्ये सात देशांतल्या तेहतीस केंद्रांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या बायकांना आधी असे मूल झाले होते, त्यांना दिवस जाण्याआधीपासून फोलिक ॲसिडची मोठी मात्रा दिली, तर पुन्हा तसे मूल होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. ज्यांना पूर्वी असे मूल झालेले नाही त्यांच्यासाठी रोज ४०० मायक्रोग्रॅमची लहान गोळी पुरते. ओठाच्या बाबतीत फोलिक ॲसिडचा पुरावा इतका भक्कम नाही, हेही सांगून टाकतो. एका गोळीने सारे टळते असे माझे म्हणणे नाही.

या फोलिक ॲसिडचा शोध कुठे लागला? मुंबईत. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरणगावातल्या गरोदर बायका एका विशिष्ट प्रकारच्या पंडुरोगाने खंगत आणि मरत होत्या. हाफकिन संस्थेत काम करताना विल्सबाईंना आढळले की 'मार्माइट' नावाचा यीस्टचा स्वस्त अर्क दिला तर या बायका सुधारतात. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातला अज्ञात घटक म्हणजेच पुढचे फोलिक ॲसिड. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले आणि लॅटिन भाषेतल्या पानाच्या शब्दावरून त्याला नाव मिळाले. अमेरिकेतल्या ज्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले तेलुगू डॉक्टर यल्लाप्रगडा सुब्बाराव. म्हणजे शोध मुंबईच्या गिरणी कामगारणींवर लागला आणि पुढचे काम एका भारतीयाच्या हाताखाली झाले. ती गोळी भामरागड तालुक्यातल्या नवविवाहितेला योग्य दिवशी मिळावी, ही अपेक्षा फार मोठी नव्हे.

कागदावर ती मिळायलाच हवी. २०१८ च्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात स्पष्ट लिहिले आहे की दिवस जाण्याआधीपासून पहिल्या तीन महिन्यांपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड घ्यावे, आणि चौथ्या महिन्यापासून लोह व फोलिक ॲसिडची लाल गोळी रोज १८० दिवस घ्यावी. आता यातले कोणते वाक्य गावात पोहोचले? लाल गोळी सगळ्यांना माहीत आहे. पहिले वाक्य विचारून पाहा. कारण साधे आहे. गोळी नोंदणीनंतर मिळते, आणि बारा आठवड्यांच्या आतली नोंदणी आपल्याकडे 'लवकर' समजली जाते. बाराव्या आठवड्यात कण्याची नळी मिटून दीड महिना उलटलेला असतो, ओठ तयार असतो, टाळूही जवळपास जुळलेली असते. ज्या नोंदणीला आपण शाबासकी देतो ती या कामापुरती उशिराची आहे.

उपाय तांदळात आहे असे काही जण म्हणतील. गडचिरोली जिल्ह्यात भामरागड आणि कुरखेडा या दोन तालुक्यांत २०१९ मध्ये रेशनच्या दुकानांतून लोह, फोलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेल्या तांदळाचा प्रयोग सुरू झाला. चांगली कल्पना होती. पण हिशेब करा. मानकाप्रमाणे अशा एक किलो तांदळात ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. दिवसाला चारशे ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या बाईला त्यातून ३० ते ५० मायक्रोग्रॅम मिळणार. हवे आहे चारशे. त्यात निराळे दिसणारे दाणे 'प्लास्टिकचे' म्हणून निवडून फेकले, किंवा भाताचे पाणी काढून ओतून दिले, तर तेही गेले. रानभाज्यांचे तसेच. तरोटा, अंबाडी, शेवग्याचा पाला यांतून हे जीवनसत्त्व मिळते, जरूर खावे. पण फार वेळ उकळून पाणी ओतले की बरेचसे त्या पाण्याबरोबर जाते, आणि उन्हाळ्यात पाला असतो तरी किती? भाजी, डाळ आणि तांदूळ पायाला ठीक आहेत. पण दिवस राहण्याच्या बेतात असलेल्या बाईला गोळीच हवी.

ती द्यायची कधी? माझ्या मते लग्नाच्या वेळी. पोरगी सासरी आली की आशाताईने महिन्याभरात तिच्या हातात गोळ्यांचे पाकीट द्यावे आणि दिवस राहीपर्यंत ते संपू देऊ नये. दुसरे मूल हवे असलेल्या बाईचे तसेच. पाच-सहा महिन्यांचा साठा पावसाळ्याआधी गावागावांत असावा. पर्लकोटेचे पाणी चढले की भामरागडचा रस्ता बंद होण्याचे प्रसंग वर्षानुवर्षे आलेले आहेत, २०१९ च्या पावसाळ्यात तर गावातच पाणी शिरले. हे खर्चाचे काम नाही. ही गोळी अतिशय स्वस्त आहे. कठीण आहे ते एवढेच, की जी बाई अजून 'पेशंट' नाही तिच्या दारी औषध घेऊन जायचे.

पण दारी जाऊन काम होते हे याच जिल्ह्याने जगाला दाखवले ना! डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या खेड्यांत आरोग्यदूतांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापले आणि पुढे देशभरच्या आशांनी ती पद्धत उचलली. हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ च्या अखेरीपासून लोकबिरादरीचा दवाखाना उभा केला, तेव्हा लोक मैलोन्‌मैल चालत येत. दवाखाना असा हवाच. पण अठ्ठाविसाव्या दिवशी कोणी दवाखान्यात येत नाही. कारण त्या दिवशी काही दुखतच नाही.

इथे एक नाजूक गोष्ट लिहितो. माडिया गावांत पाळीच्या दिवसांत बायकांनी कुर्माघरात राहण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. थंडीपावसात तिथे बाईचे हाल होतात. पण जोवर ती आहे तोवर एक गोष्ट नाकारता येत नाही. या महिन्यात कोण आली नाही हे गावातल्या बायकांना सरकारी नोंदवहीच्या कितीतरी आधी कळते. आशाताई त्याच गावची असते. चौकशीचा गवगवा न करता, तिने त्याच आठवड्यात त्या घरी जावे. गोळी आधीपासून चालू नसेल तर निदान त्या दिवशी सुरू होईल, आणि ताप, फिट, दारू यांविषयी दोन शब्द बोलता येतील.

कारण तेही पहिल्या आठवड्यांतलेच विषय आहेत. मोहाच्या दारूला देवाधर्मात मान आहे आणि बाहेरून आलेल्या माणसाने त्यावर नाक मुरडू नये. तरी शास्त्र सांगते ते सांगायलाच हवे. चेहऱ्याकडे चालत निघालेल्या पेशी दारूने मरतात, आणि मज्जापेशींची एकमेकींना धरण्याची ताकद तिच्यामुळे कमी होते, हे प्रयोगांत दिसले आहे. दिवस राहण्याच्या बेतात असलेल्या बाईने ती घेऊ नये, देवापुढचा घोटसुद्धा. खर्ऱ्याचेही तेच, बिडी-सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या मुलांत दुभंगलेल्या ओठाचे प्रमाण जास्त आढळते, आणि चघळलेली तंबाखूही रक्तात जातेच. मिरगीची काही औषधे, विशेषतः व्हॅल्प्रोएट, कण्याच्या दोषाचा धोका वाढवतात. अशा मुलीने औषध मनाने बंद करू नये, फिट येऊन जीव जाईल. लग्न ठरताच डॉक्टरांना सांगून औषध बदलून घ्यावे आणि फोलिक ॲसिड किती घ्यायचे ते विचारावे. हिवतापाच्या काही गोळ्या फोलिक ॲसिडच्या विरुद्ध काम करतात, म्हणून ताप दाखवायला जाताना पाळी चुकली असल्यास आधी ते सांगावे. हिवताप अंगावर मात्र काढू नये. आई आणि गर्भ दोघांनाही तो औषधापेक्षा जास्त घातक आहे. जवळच्या नात्यातल्या लग्नांत जन्मजात दोषांचा धोका काहीसा वाढतो, आणि मामा-आत्याकडच्या सोयरिकी आपल्याकडे सगळ्याच समाजांत आहेत. त्याविषयी पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन.

एवढे करूनही काही मुले दुभंगलेल्या ओठाची जन्मतीलच. जनुके आणि परिस्थिती यांची ती गुंतागुंत आहे, आणि पुष्कळ वेळा बोट दाखवावे असे कारण सापडत नाही. अशा मुलाला उपाशी ठेवू नये. त्याला उभे धरून, आईचे काढलेले दूध वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजावे आणि मधूनमधून ढेकर काढावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून दुभंगलेला ओठ व टाळू, पाठीच्या कण्याचा दोष आणि वाकडे पाय हे सारे आहे. तपासणी आणि शस्त्रक्रिया मोफत आहेत. पाठीवर पिशवी असलेल्या मुलाला, ती स्वच्छ ओल्या कापडाने झाकून, पालथे किंवा कुशीवर ठेवून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. जन्मल्यावर अठ्ठेचाळीस तासांत काळी शी झाली नाही आणि पोट फुगत चालले, तर चालत निघालेल्या पेशी आतड्याच्या टोकापर्यंत पोहोचल्या नसण्याची शंका घ्यावी. घुटी पाजत बसू नये, तेही मूल शस्त्रक्रियेने बरे होते.

ओठाची शस्त्रक्रिया मूल अडीच-तीन महिन्यांचे, साडेचार किलोच्या आसपास वजनाचे आणि रक्त दहा ग्रॅम असलेले झाले की करतात. आपल्याकडे वजन आणि रक्त या दोन अटींवरच तारखा पुढे जातात, म्हणून दुधाकडे लक्ष हवे. टाळूची शस्त्रक्रिया वर्ष-दीड वर्षाच्या आत व्हावी. ओठ शिवला, चेहरा नीट दिसू लागला की घरचे लोक टाळूसाठी परत येत नाहीत, हा माझा नेहमीचा अनुभव. मग पोर शाळेत जाते तेव्हा त्याचे बोलणे नाकातून येते आणि मास्तरांना कळत नाही.